डेबियनचे स्रोत पॅकेज सांभाळताना : नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सोलापुरातील अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, डीटीपीच्या दुकानांत आणि कारखान्यांच्या छोट्या सर्व्हरवर आज लिनक्स वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी उबंटू किंवा लिनक्स मिंट वापरणाऱ्यांच्या यंत्रावरील बराच मोठा भाग मुळात डेबियनमधून आलेला असतो. डेबियन हा लिनक्सचे वितरण तयार करणारा, इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेला प्रकल्प असून त्यातील हजारो पॅकेजांची (बसवण्यासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअर-संचांची) देखभाल स्वयंसेवक करतात. ज्यांना हे सॉफ्टवेअर नुसते वापरण्यावर न थांबता सांभाळणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टर्मिनलवर काम करण्याची सवय आणि गिटची तोंडओळख एवढी तयारी येथे गृहीत धरली आहे. कमांडची आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली असली, तरी टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक वाढवून ते पुन्हा बांधायला (बिल्ड करायला) काही मिनिटे पुरतात आणि ते काम एखादी स्क्रिप्टही करू शकते. मेंटेनर (पॅकेज सांभाळणारी व्यक्ती) म्हणून आपले नाव लागते ते दुसऱ्या कामासाठी : जुन्या आणि नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले आणि त्याचा वापरणाऱ्यावर काय परिणाम होईल, हे वाचून समजून घेण्यासाठी. पुढील प्रत्येक टप्पा याच दृष्टीने वाचावा.

स्रोत पॅकेज म्हणजे काय

आपण 'एपीटी' या पॅकेज-व्यवस्थापकाने जे बसवतो ते बायनरी पॅकेज असते, आणि ते ज्यापासून बांधले जाते ते स्रोत पॅकेज. सोलापुरी चादर ज्यांनी मागावर विणली जाताना पाहिली आहे, त्यांना हे लगेच समजेल. ग्राहकाच्या हाती चादर येते, पण तिच्यावरची नक्षी जकार्डच्या छिद्रांकित पत्त्यांत असते आणि नक्षीतला दोष काढायचा तर पत्तेच बदलावे लागतात.

प्रचलित स्वरूपात स्रोत पॅकेजमध्ये सहसा तीन फाइली असतात. पहिली मूळ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेला टारबॉल (अनेक फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे), जिच्या नावात 'ओरिग' हा शब्द येतो. दुसरी डेबियनची स्वतःची भर असलेला टारबॉल. तिसरी 'डीएससी' ही छोटी मजकूर-फाइल, जिच्यात आधीच्या दोन्हींचे चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचे आकडे) आणि चढवणाऱ्याची (अपलोड करणाऱ्याची) डिजिटल सही असते. मूळ कोड आणि आपली भर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यामागे हेतू आहे : आपण नेमके काय बदलले, हे कोणालाही कधीही तपासता यावे.

आपली सगळी भर 'डेबियन' नावाच्या डिरेक्टरीत राहते. तेथील 'कंट्रोल' फाइलीत पॅकेजचे नाव, वर्णन आणि अवलंबित्वे (त्याला लागणारी इतर पॅकेजे) असतात, 'रूल्स' ही बांधणीच्या पायऱ्या सांगणारी मेकफाइल असते, 'चेंजलॉग'मध्ये प्रत्येक आवृत्तीची नोंद असते आणि 'कॉपीराइट'मध्ये प्रत्येक फाइलीचा हक्कधारक व परवाना. 'वॉच' फाइल नवी आवृत्ती कोठे शोधायची ते सांगते आणि 'पॅचेस' डिरेक्टरीत मूळ कोडवर चढवायचे बदल क्रमाने असतात. नवख्यांनी या फाइलींची माहिती केवळ संदर्भपुस्तिकेतून घेऊ नये. एखादे छोटे, नीट सांभाळलेले पॅकेज उतरवून त्यातील प्रत्येक फाइल ओळ न् ओळ वाचावी.

कोणते पॅकेज घ्यावे

सर्वांत मोठा मोह नवे पॅकेज तयार करण्याचा होतो आणि तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जी पॅकेजे आधीच आहेत आणि ज्यांना हात कमी पडत आहेत, तेथे शिकायला अधिक मिळते आणि उपयोगही तत्काळ होतो. ज्या पॅकेजांचा मेंटेनर उरलेला नाही, जी कोणाला तरी सोपवायची आहेत किंवा जेथे मदत हवी आहे, त्यांची नोंद डेबियनच्या बग-व्यवस्थेत 'डब्ल्यूएनपीपी' या नावाखाली असते. 'डेव्हस्क्रिप्ट्स' पॅकेजमधील 'डब्ल्यूएनपीपी-अलर्ट' ही कमांड चालवली, की आपल्याच यंत्रावर बसवलेल्यांपैकी कोणती पॅकेजे या यादीत आहेत ते दिसते. आपण जे रोज वापरतो ते घ्यावे, कारण बिघाड झाला तर तो प्रथम आपल्याच लक्षात येतो.

सोलापूरकरांना येथे एक विशेष संधी आहे. शहरात मराठीबरोबरच, विशेषतः पूर्व भागात, तेलुगू बोलली जाते, तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. म्हणजे तीन लिप्या सहज वाचणारे डोळे एकाच वर्गात किंवा एकाच छपाईच्या दुकानात सापडतात. टंकांची (फॉन्टांची), शुद्धलेखन-कोशांची आणि टंकलेखन-पद्धतींची पॅकेजे तपासायला असेच डोळे लागतात. उदाहरणार्थ, लोहित कुटुंबात देवनागरी, कन्नड आणि तेलुगू असे तिन्ही टंक आहेत, आणि 'एस्पेल' या शुद्धलेखन-तपासनिसाचा मराठी कोश डेबियनमध्ये स्वतंत्र पॅकेज म्हणून आहे. टंकाची नवी आवृत्ती आली, तर 'दऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' या शब्दांतला अर्धा 'र' योग्य उमटतो का, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे टिकून आहेत का, हे पाहणे कोणत्याही स्वयंचलित चाचणीपेक्षा मराठी वाचकाला सोपे जाते. अशी पॅकेजे आकाराने लहान असतात आणि साध्या लॅपटॉपवरही लवकर बांधून होतात.

कामाची जागा तयार करणे

रोजच्या यंत्रावर स्थिर आवृत्तीच ठेवावी. पॅकेजची बांधणी मात्र 'अनस्टेबल' शाखेत व्हायला हवी, कारण नवे बदल प्रथम तेथेच जातात. त्यासाठी 'एसबिल्ड' किंवा 'पीबिल्डर' वापरून स्वतंत्र, कोरे वातावरण तयार करावे. कोऱ्या वातावरणाचा फायदा असा, की 'कंट्रोल' फाइलीत एखादे अवलंबित्व लिहायचे राहिले असेल तर बांधणी तेथेच अडते. आपल्या यंत्रावर ते लागणारे ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड) योगायोगाने बसवलेले असल्यामुळे चूक झाकली जाण्याचा धोका त्यात राहत नाही.

याशिवाय बांधणी, पॅच आणि तपासणी यांची साधने म्हणून 'बिल्ड-एसेन्शियल', 'डेव्हस्क्रिप्ट्स', 'डेबहेल्पर', 'क्विल्ट', 'लिंटियन' आणि 'गिट-बिल्डपॅकेज' बसवावीत, स्रोत-यादीत 'डेब-एसआरसी' हा प्रकार जोडावा आणि 'डेबफुलनेम' व 'डेबईमेल' या चलांत आपले नाव आणि पत्ता नोंदवावा. वसतिगृहात किंवा प्रयोगशाळेत अनेक जण मिळून काम करणार असतील, तर एका यंत्रावर 'एपीटी-कॅशर-एनजी' चालवावे. तेच पॅकेज प्रत्येकाने मोबाइलच्या डेटावर पुन्हा पुन्हा उतरवण्याची गरज राहत नाही.

आधी जुनी आवृत्ती जशीच्या तशी बांधा

पॅकेज 'एपीटी सोर्स'ने उतरवावे. त्याचा गिट-संग्रह असल्यास तो 'सालसा' या डेबियनच्या गिटलॅब-सर्व्हरवरून 'जीबीपी क्लोन'ने घ्यावा. त्यानंतर काहीही न बदलता एकदा पूर्ण बांधणी करावी. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, पण तो अत्यावश्यक आहे, कारण पुढे एखादी चाचणी अपयशी झाली तर ती आपल्या बदलामुळे झाली की आधीपासूनच होत होती, हे याशिवाय सांगता येत नाही. या बांधणीतून तयार झालेली बायनरी पॅकेजे जपून ठेवावीत. नंतर तुलनेसाठी ती लागतात.

नवी आवृत्ती आणणे आणि वाचणे

'यूस्कॅन' ही कमांड 'वॉच' फाइलीवरून नवी आवृत्ती शोधते आणि उतरवते. मूळ प्रकल्प आपल्या टारबॉलवर सही करत असेल, तर त्यांची सार्वजनिक किल्ली 'डेबियन' डिरेक्टरीतील 'अपस्ट्रीम' उपडिरेक्टरीत ठेवून ती सही दर वेळी तपासली जाईल अशी व्यवस्था करावी.

मात्र सही जुळली म्हणजे काम संपले, असे समजू नये. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर-अभियंत्याने 'एक्सझेड' या संपीडन-प्रकल्पातील मागचा दरवाजा (बॅकडोर, म्हणजे घुसखोरीसाठी लपवलेला मार्ग) उघड केला, तेव्हा हे सर्वांच्या लक्षात आले. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांचे टारबॉल प्रकल्पाच्या अधिकृत सह-मेंटेनरनेच प्रसिद्ध केलेले होते. घातक कोडचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता आणि तो बांधणीच्या वेळी सक्रिय करणारी एम-फोर फाइल (बांधणीच्या तयारीची मॅक्रो-फाइल) टारबॉलमध्ये होती, पण गिट-संग्रहात नव्हती. डेबियनच्या 'अनस्टेबल' आणि 'टेस्टिंग' (जिच्यातून पुढची स्थिर आवृत्ती घडते) या शाखांपर्यंत हा कोड पोहोचला होता. स्थिर आवृत्ती मात्र बचावली. तेव्हापासून माझा आग्रह असा आहे, की टारबॉल आणि त्याच आवृत्तीचा गिट-टॅग यांची तुलना करावी आणि टारबॉलमध्ये जास्तीची प्रत्येक फाइल कोठून आली याचे उत्तर शोधावे. शक्य असेल तेथे थेट गिट-टॅगवरून बांधणी करणे अधिक चांगले.

त्यानंतर जुन्या आणि नव्या मूळ कोडमधील फरक वाचायला बसावे. प्रत्येक ओळ समजेलच असे नाही, पण चार गोष्टींवर नजर ठेवावी. नव्या फाइलींचे परवाने कोणते आहेत. कोणाचे ग्रंथालय कोडसोबत आत आणून ठेवले आहे का. बांधणीची पद्धत बदलली आहे का. आणि एखादा पर्याय किंवा संरचना-फाइल रद्द झाली आहे का. परवाना डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर मार्गदर्शक तत्त्वांत बसत नसेल, तर ती फाइल वगळून टारबॉल पुन्हा बांधावा लागतो आणि आवृत्तीला 'डीएफएसजी' ही खूण जोडली जाते. कोणत्या फाइली वगळायच्या ते 'कॉपीराइट' फाइलीतच नोंदवले, की 'यूस्कॅन' पुढच्या वेळी ते काम आपोआप करते.

चेंजलॉग आणि आवृत्ती-क्रमांक

नवी नोंद 'डीसीएच'ने करावी. मूळ आवृत्ती 2.5 असेल, तर पहिली डेबियन आवृत्ती 2.5-1 होते आणि केवळ डेबियनच्या भागात बदल केला तर 2.5-2. पूर्वप्रसिद्धीच्या आवृत्तीसाठी ~ हे चिन्ह वापरतात, कारण 2.5~आरसी1 ही 2.5 पेक्षा आधीची मानली जाते. क्रमांक चुकून पुढे गेला किंवा मूळ प्रकल्पाने क्रमांकन बदलले, तर 'इपॉक' नावाचा उपसर्ग लावता येतो, पण एकदा लावलेला इपॉक कधीही काढता येत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. एक्सझेडच्या प्रसंगी मागे जाण्यासाठी डेबियनने इपॉक टाळून 5.6.1+रिअली5.4.5-1 असा क्रमांक दिला होता : क्रमवारीत तो नवा ठरतो आणि आत जुना कोड आहे, हे वाचणाऱ्यालाही कळते.

नोंदीत 'नवी आवृत्ती' एवढेच लिहून थांबू नये. वापरणाऱ्याला जाणवणारा बदल, वगळलेले पॅच, बदललेली अवलंबित्वे हे सर्व लिहावे आणि ज्या बगचे निराकरण झाले त्याचा क्रमांक 'क्लोझेस' या शब्दापुढे द्यावा, म्हणजे पॅकेज स्वीकारले जाताच तो बग आपोआप बंद होतो.

पॅच

अद्ययावत करण्याच्या कामात सर्वाधिक वेळ पॅचवर जातो आणि तो जाऊ द्यावा. 'क्विल्ट पुश'ने एकेक पॅच नव्या कोडवर चढवावा. जो मूळ प्रकल्पाने स्वीकारला आहे तो काढून टाकावा. जो थोडा सरकून बसतो तो 'क्विल्ट रिफ्रेश'ने नीट करावा. जो बसतच नाही, त्याचा मूळ हेतू शोधल्याशिवाय त्याला हात लावू नये. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो कोणी लिहिला, का लिहिला, कोणत्या बगशी संबंधित आहे आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवला आहे का, हे नोंदवण्याची 'डीईपी-3' ही ठरलेली पद्धत आहे. ती काटेकोरपणे पाळावी, कारण काही वर्षांनी हा पॅच वाचणारी व्यक्ती बहुधा आपण नसू.

पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवून तपासून घेणे हा शिष्टाचाराचा भाग वाटतो, पण त्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे. 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या (एन्क्रिप्शनच्या) पॅकेजमध्ये, स्मृती तपासणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यांमुळे, कोडमधील दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यामुळे यादृच्छिक संख्या निर्माण करताना लागणारी जवळजवळ सगळी अनिश्चितता नष्ट झाली आणि उरला तो केवळ प्रक्रिया-क्रमांक, ज्याच्या कमाल शक्यता 32,768. हा दोष मे 2008 मध्ये उघड झाला आणि दूरच्या यंत्रात सुरक्षित प्रवेशासाठी लागणाऱ्या जगभरातील असंख्य एसएसएच किल्ल्या बदलाव्या लागल्या. बदल दोन ओळींचाच होता. जो बदल आपल्याला पूर्ण समजलेला नाही, तो करू नये. आणि करावाच लागला, तर त्या कोडच्या लेखकांकडून स्पष्ट होकार घ्यावा.

उरलेल्या फाइली

'कंट्रोल'मध्ये नवी अवलंबित्वे घालावीत, नको झालेली काढावीत आणि 'स्टँडर्ड्स-व्हर्जन' (पॅकेज धोरणपुस्तिकेच्या कोणत्या आवृत्तीनुसार आहे तो क्रमांक) वाढवण्याआधी डेबियन धोरणपुस्तिकेची बदल-यादी खरोखर वाचावी. 'डेबहेल्पर'ची सुसंगतता-पातळी वाढवायची असेल, तर ती नव्या मूळ आवृत्तीबरोबर एकाच वेळी न वाढवता वेगळ्या बदलात वाढवणे शहाणपणाचे. बिघाड झाल्यास कारण शोधणे सोपे जाते.

बांधणी आणि तपासणी

'एसबिल्ड'ने कोऱ्या वातावरणात बांधणी झाली, की 'लिंटियन' चालवावे आणि त्याच्या प्रत्येक तक्रारीचे कारण समजून घ्यावे. कारण न कळता तक्रार दडपणारी फाइल लिहिणे म्हणजे पुढच्या मेंटेनरपासून माहिती लपवणे आहे. त्यानंतर 'डेबडिफ'ने जुन्या आणि नव्या बायनरी पॅकेजांची तुलना करावी. नव्या आवृत्तीत एखादी फाइल गायब झालेली असते आणि बांधणी तरीही यशस्वी होते, असे अनेकदा घडते. ते येथेच दिसते.

एखादी फाइल एका बायनरी पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली असेल, तर विशेष काळजी घ्यावी. ज्यांच्याकडे जुने पॅकेज बसवलेले आहे, त्यांच्या यंत्रावर नवे पॅकेज तीच फाइल लिहू पाहते आणि 'डीपीकेजी' (प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्राम) थांबते. यासाठी नव्या पॅकेजमध्ये 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' ही क्षेत्रे जुन्या आवृत्तीच्या मर्यादेसह लिहावी लागतात. कोऱ्या यंत्रावर पॅकेज बसवून पाहिले तर हा दोष दिसतच नाही. म्हणून स्थिर शाखेतील आवृत्ती बसवून तिच्यावरून नव्या आवृत्तीकडे जाण्याची चाचणी करावी. 'पियुपार्ट्स' हे साधन बसवणे, काढणे आणि नव्या आवृत्तीवर नेणे या तिन्ही क्रिया तपासते. बसवलेले पॅकेज प्रत्यक्ष काम करते का, यासाठी 'ऑटोपीकेजीटेस्ट' चाचण्या असतात. त्या नसतील तर एखादी साधी चाचणी लिहिणे हे नवख्याचे उत्तम पहिले योगदान ठरते.

पॅकेज ग्रंथालयाचे असेल, तर 'सोनेम' (ग्रंथालयाची बायनरी-सुसंगतता दाखवणारे नाव) बदलला आहे का ते सर्वांत आधी पाहावे. तो बदलला असेल, तर बायनरी पॅकेजचे नाव बदलते, त्यावर अवलंबून असणारी सर्व पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात आणि त्याचे नियोजन प्रकाशन-चमूबरोबर करावे लागते. अशी आवृत्ती प्रथम 'एक्सपेरिमेंटल' या प्रयोगांसाठीच्या शाखेत चढवावी. नवख्यांनी पहिल्या वर्षी ग्रंथालयाची जबाबदारी एकट्याने घेऊ नये.

पॅकेज चढवणे

आरंभी आपल्याला थेट चढवण्याचा अधिकार नसतो. त्यामुळे तयार स्रोत पॅकेज 'मेंटॉर्स' सर्व्हरवर ठेवून 'आरएफएस' (पॅकेज चढवून देणारा हवा, अशी विनंती) प्रकारचा बग नोंदवावा, म्हणजे एखादा डेबियन डेव्हलपर ते तपासून आपल्या वतीने चढवतो. पॅकेज एखाद्या चमूकडे असेल, उदाहरणार्थ टंक सांभाळणाऱ्या चमूकडे, तर सालसावर बदल पाठवून त्याच चमूतील डेव्हलपरला विनंती करणे अधिक सोयीचे. तपासणाऱ्याने सुचवलेल्या दुरुस्त्या तपशीलवार असतात. त्या वाचण्यात जेवढे शिकायला मिळते, तेवढे कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही. पुढे सातत्याने काम केल्यावर 'डेबियन मेंटेनर' होता येते आणि ठरावीक पॅकेजे स्वतः चढवता येतात. त्यासाठी आपल्या किल्लीवर विद्यमान डेव्हलपरांच्या सह्या लागतात, आणि त्या मिळण्याची उत्तम जागा म्हणजे भारतात होणाऱ्या डेबियन परिषदा. 2023 ची जागतिक डेबकॉन्फ केरळात कोची येथे झाली होती.

चढवताना केवळ स्रोत चढवावा. आपल्या यंत्रावर बांधलेली बायनरी सोबत चढवली, तर ती आवृत्ती 'टेस्टिंग'मध्ये जात नाही. नवे नाव असलेले बायनरी पॅकेज मात्र प्रथम 'न्यू' रांगेत जाते आणि तेथे संग्रहाचे व्यवस्थापक त्याचा परवाना तपासतात, म्हणून त्या वेळी बायनरीही द्यावी लागते. मंजुरीनंतर पुन्हा केवळ स्रोत चढवावा.

चढवल्यानंतर

डेबियनचे बांधणी-सर्व्हर ते पॅकेज अनेक प्रोसेसर-रचनांवर बांधतात. आपल्या लॅपटॉपवर यशस्वी झालेली चाचणी 'एस390एक्स' या मेनफ्रेम-रचनेवर अपयशी होऊ शकते, कारण तेथे बाइटांचा क्रम उलटा असतो. म्हणून पॅकेजचे ट्रॅकर-पान पुढचे काही दिवस पाहत राहावे. गंभीर बग नसेल, तर मध्यम तातडीचे पॅकेज साधारण 5 दिवसांनी 'टेस्टिंग'मध्ये सरकते; कमी तातडीला 10 आणि जास्त तातडीला 2 दिवस लागतात.

स्थिर शाखेत सहसा नवी मूळ आवृत्ती जात नाही. तेथे फक्त तेवढी दुरुस्ती, जुन्याच आवृत्तीवर पॅच म्हणून, प्रकाशन-चमूच्या संमतीने जाते. डेबियन 12 साठीच्या अशा दुरुस्तीच्या क्रमांकाला +डेब12यू1 असा प्रत्यय लागतो. स्थिर आवृत्तीवर चालणाऱ्या कार्यालयांचा, रुग्णालयांचा आणि शाळांचा विश्वास या शिस्तीवर उभा आहे, त्यामुळे 'नवी आवृत्ती अधिक चांगली आहे' हे कारण तेथे पुरेसे मानले जात नाही.

अखेरचा मुद्दा सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम लिहितो. शेवटच्या वर्षानंतर आपल्यापैकी अनेक जण नोकरीसाठी पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरला जातात आणि पहिली काही वर्षे हाती वेळ उरत नाही. त्यामुळे पॅकेज शक्यतो एकट्याच्या नावावर न ठेवता चमूच्या नावावर ठेवावे आणि सहकाऱ्याचे नाव 'अपलोडर्स' क्षेत्रात घालावे. वेळ मिळत नाही असे लक्षात येताच 'आरएफए' (पॅकेज कोणीतरी घ्यावे, अशी विनंती) नोंद करून नवा मेंटेनर शोधावा आणि काम लगेच थांबवणे भाग असेल तर 'ओ' नोंद करून पॅकेज अनाथ असल्याचे जाहीर करावे. त्या नोंदीत अडलेले बग, मूळ प्रकल्पाशी झालेला पत्रव्यवहार आणि पुढच्या आवृत्तीत अपेक्षित असलेल्या अडचणी लिहाव्यात, म्हणजे पॅकेज घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येते.